दारावरची पट्टी

तीन वर्षं मैत्री एकच विमान घडवत होती. संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळातलं, एका पंख्याचं, माणसं नाहीतर पोती वाहणारं, मातीवरही उतरणारं राबतं विमान. स्वतः जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण आदिलाबादजवळच्या गुडीहत्नूरच्या दोन खोल्यांत बसून तिनं फोटो बघून त्याचा खिळा न् खिळा बसवला. हात लागून लागून चालवायचा दांडा कुठं गुळगुळीत होतो, हे तिनं उटनूरच्या बसमध्ये ड्रायव्हरमागं बसून हेरलं.

तिचे वडील नागोराव, निवृत्त मास्तर. त्यांच्या बापाला सारं गाव 'सख्या' म्हणायचं, पटवाऱ्याच्या दफ्तरातही तेवढंच, ना पुरतं नाव ना आडनाव. म्हणून मास्तरांनी जन्मभर हजेरीत प्रत्येक पोराचं नाव, बापाचं नाव, आडनाव पुरतं लिहिलं आणि पुरतं पुकारलं. शेजारच्या पंचफुलाबाईनं विचारलं, "गुर्जी, पोरगी काय करते?" की मास्तर ऐटीत सांगत, "इमान बनवून राह्यली. त्याच्यावर नाव येईल तिचं, तवा दावतो सगळ्यायले."

विमानाच्या दाराशी कारखान्याची छोटी पट्टी असते. मैत्री नेटवरच्या ज्या गटासोबत विमान बनवत होती, त्यात या पट्टीवर घडवणाऱ्याचं नाव घालायची रीत होती. परदेशातल्या साथीदारांनी आदरानं विचारलं होतं, पूर्ण नाव काय लिहायचं?

आता ऐका हिची अक्कल! आधी एका शहरी गटात तिनं आडनाव सांगितलं होतं, तर दुसऱ्या दिवसापासून कुणी उत्तर देईना. तेव्हापासून नेटवर ती 'मॅटी पी.' झाली. या परदेशी लोकांना पाईकराव म्हणजे कुठल्या जातीचे, कुठल्या वस्तीतले, यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी बाईसाहेबांनी साप साप म्हणून भुई धोपटली, आणि 'मॅटी पी.' असंच पाठवलं.

रविवारी विमान सगळ्यांसाठी खेळात आलं. मास्तर धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसले. मैत्रीनं पडद्यावर आदिलाबादहून विमान उडवलं. खाली गुडीहत्नूर नव्हतंच, नुसता हिरवा रंग होता.

"तुहं नाव दाव," मास्तर म्हणाले.

तिनं दाराची पट्टी मोठी केली. मास्तरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

"हे कोन?"

"मीच, बाबा."

"काऊन?"

"त्या शहरातल्या लोकायनं आडनाव आयकून मले तोडलं होतं ना. भेव वाटलं."

"यायनं बी आडनाव नको म्हटलं का?"

मैत्रीला खोटं बोलता आलं असतं. "नाही. यायनं पुरं नाव मांगलं होतं."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"माह्या बापाचं नाव लोकायनं तोडलं होतं, बाई," एवढंच म्हणाले आणि उठले.

मैत्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर पंचफुलाबाईचा आवाज आला.

"गुर्जी, आलं का पोरीचं इमान? काय करते आता?"

मास्तर चपला शोधत होते. "काई नाही," ते म्हणाले, "घरीच असते."