कोंबडीच्या पोटातला प्लाझ्मिड

मित्रांनो, मी एक जुना प्लाझ्मिड आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका. प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या आत राहणारं, जनुकांचं एक इवलंसं गोल कडं. माझं वय मलाच ठाऊक नाही. माझी घरमालकीण, म्हणजे मी ज्या जीवाणूत राहतो ती, दुभंगून दोन होते तेव्हा माझीही हुबेहूब प्रत निघते. त्यातला खरा मी कोणता, हे विचारू नका. सगळेच मी!

माझ्या अंगावर काही युक्त्या लिहिलेल्या आहेत. फार पूर्वी मातीतल्या जीवाणूंकडून त्या गोळा झाल्या. एक युक्ती कात्री बनवण्याची. प्रतिजैविक, म्हणजे जीवाणूंना मारणारं औषध, समोर आलं की ही कात्री ते तोडून टाकते. दुसरी युक्ती पंपाची. कात्रीतून सुटलेली औषधं तो भराभर बाहेर उपसतो. आणि सर्वांत खोडकर युक्ती म्हणजे शेजारणीपर्यंत पूल बांधून आपली एक प्रत तिकडे धाडायची.

कोंबडीच्या आतड्यात आम्ही कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरमालकीण उलट कुरकुरायची, कारण मला पोसायचं तर खाणं जास्त लागतं. बिनओझ्याच्या शेजारणी तिच्यापुढे पळायच्या.

माझे दिवस पालटले ते अंड्यांचा धंदा करणाऱ्या काकूंमुळे. त्यांचा कोंबड्यांवर भारी जीव. रोज सकाळी पाण्याच्या टाकीत प्रतिजैविकाची पूड टाकायच्या. "प्या गं बायांनो, आजारी पडू नका," म्हणायच्या. आजारी तर एकही नसायची! त्या औषधाने साध्या शेजारणी मेल्या आणि माझी घरमालकीण ऐटीत वाढली. जिकडे तिकडे माझाच बोलबाला. मी फुशारलो, खोटं कशाला बोलू? त्याच तोऱ्यात एक दिवस पूल बांधला आणि शेजारच्या साल्मोनेला नावाच्या जीवाणूत शिरलो. ती मात्र गरीब नव्हती. माणसाच्या पोटात गेली की अंथरूण धरायला लावते.

एका दुपारी काकूंनी अंडी गोळा केली, हात फडक्याला पुसले आणि त्याच हातांनी सात वर्षांच्या लेकीला काकडी चिरून दिली. तिला सगळे चिमणी म्हणायचे. तिसऱ्या दिवशी चिमणी तापाने फणफणली. दवाखान्यात रक्त तपासायला घेतलं, सलाईन लावलं, औषध सुरू झालं. माझी कात्री चालू, पंप चालू. ताप काही उतरेना. चिमणीचे डोळे खोल गेले. पाणी मागायचंही त्राण तिच्यात उरलं नाही. अरे देवा, हे माझ्यामुळे! माझी मलाच लाज वाटली.

"औषध लागू का पडत नाही?" काकूंनी डॉक्टरीणबाईंना विचारलं. "हेच तर मी कोंबड्यांना रोज पाजते."

डॉक्टरीणबाईंनी झटकन मान वर केली. "आजारी होत्या का त्या?"

"नाही हो! आजारी पडू नयेत म्हणून."

"अहो, म्हणजे कच्चे जीवाणू मारलेत आणि पक्के तेवढे पोसलेत!"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टरीणबाईंनी लगेच प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या ताईंनी रक्तातले जीवाणू बशीत वाढवले आणि वर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या. बहुतेक चकत्यांना आम्ही खेटून वाढलो. एकीभोवती मात्र स्वच्छ मोकळं वर्तुळ राहिलं. त्या औषधासाठी माझ्याकडे युक्तीच नव्हती!

तेच औषध चिमणीला सुरू झालं. दोन दिवसांनी ताप उतरला आणि ती म्हणाली, "आई, भूक लागली." काकू हसता हसता रडल्या.

घरी आल्यावर त्यांनी पूड बंद केली. पहिल्याच आठवड्यात दोन कोंबड्या मेल्या, तेव्हा त्यांचा जीव खालीवर झाला. तरी त्या बधल्या नाहीत. जनावरांच्या डॉक्टरांना बोलावून लसी टोचल्या, ओला भुसा काढून कोरडा टाकला, अंड्यांना हात लावला की साबणाने हात धुतले. आता औषध देतात ते खरंच आजार असेल तेव्हाच, डॉक्टर सांगतील तितकं आणि सांगतील तितके दिवस. काही महिन्यांनी प्रयोगशाळेतल्या ताई शेडमधले नमुने तपासून म्हणाल्या, "औषधाला न जुमानणारे जीवाणू अजून आहेत, पण पुष्कळ कमी झालेत."

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला जपू नका. नको तिथे औषध देऊन मला मोठेपणा देऊ नका. औषधं जपा, ती उद्या कुठल्यातरी लेकराला लागतील.

काल माझी घरमालकीण पुन्हा दुभंगली आणि घाईत माझी प्रत निघायची राहून गेली. एका लेकीच्या वाट्याला मी आलो. दुसरी माझ्याविना निघाली, हलकी आणि मोकळी, आणि बघता बघता आमच्या पुढे गेली. मी मागून ओरडलो, "जा पोरी, माझ्यासाठी थांबू नकोस!"