कान्याचा अपुरा ळ

जुना तर मी आहेच, मित्रांनो, पण मला गंज चढत नाही, माझ्यावर धूळ बसत नाही आणि मला उचलून कुणी माळ्यावर टाकू शकत नाही. मी एक प्रोग्राम आहे. कॉम्प्युटरवर तुम्ही जी अक्षरे वाचता, ती आधी कुणीतरी बसून काढलेली असतात. ती काढायची पाटी म्हणजे मी. माझ्यात अक्षराच्या कडेवर बिंदू ठेवतात. बिंदूला दोन बाजूंना काड्या फुटतात. काडी ओढली की रेघ वळते. अशी रेघ वळवत वळवत सगळी अक्षरे तयार झाली, की त्यांचा मिळून एक फॉन्ट होतो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडले ते या बिंदूंचेच आहे. आणि ते मला अजून उमगलेले नाही.

मला ज्याने घडवले, त्याला घरीदारी सगळे काना म्हणत. उंच, सडपातळ आणि अक्षराच्या कान्यासारखा ताठ. त्याची थोरली बहीण बुटकी आणि गोल होती. तिला तो 'अनुस्वार' म्हणून चिडवायचा. ती म्हणायची, 'अनुस्वार डोक्यावर बसतो, लक्षात ठेव.' तिला आपण ताईच म्हणू. ती बसच्या कार्यालयात वेळापत्रकांचे प्रोग्राम लिहायची. काना दुकानांच्या पाट्या रंगवायचा आणि पुढे कॉम्प्युटरवर अक्षरे काढू लागला. त्यासाठी त्याने एक विकतचा प्रोग्राम घेतला होता. ती कंपनी बुडाली आणि एका सकाळी तो प्रोग्राम उघडेचना. कान्याची सगळी अक्षरे आत अडकली. आपल्याच घराला कुलूप आणि किल्ली मात्र परक्याच्या खिशात, तशी त्याची गत झाली.

मग त्याने ताईच्या मागे लागून कोड लिहायला शिकून घेतले आणि मला घडवले. माझ्यात त्याने कुलूपच ठेवले नाही. माझ्या पोटात काय आहे ते कुणीही पाहावे, बिघडले तर दुरुस्त करावे आणि ती दुरुस्ती सगळ्यांना द्यावी, असा माझा नियम. दूरदूरची माणसे मला वापरू लागली. कुणी शाळेच्या पुस्तकांसाठी, कुणी वर्तमानपत्रासाठी. माझी स्तुतीही झाली, पण थोडीच. माझे काही चुकले की लोक लगेच लिहून कळवत. सगळे ठीक चालले आहे, हे सांगायला सहसा कुणी येत नसे.

कान्याची एक सवय मला पाठ होती. बिंदू ठेवायचा, दोनदा उचलून इकडे तिकडे करून बघायचा आणि पुन्हा पहिल्याच जागी ठेवायचा.

'मग हलवलास कशाला?' ताई विचारायची.

'दुसरीकडे बरा दिसत नाही, याची खात्री नको?'

तो स्वतःचा एक फॉन्ट बनवत होता. सगळी अक्षरे झाली होती, फक्त ळ उरला होता. डावे वेटोळे पुरे झाले आणि उजवे त्याने सुरू केले. मग तो दूध आणायला म्हणून उठला आणि जिन्यातच कोसळला. हृदय बंद पडले होते. माझी खिडकी तशीच उघडी राहिली. तिच्यात एका डोळ्याचा तो ळ होता.

मित्रांनो, माणूस गेला की त्याचे कपडे कुणालातरी देतात, चष्मा खणात ठेवतात. माझे काय करायचे, ते कुणालाच कळेना. दुरुस्त्या साचत गेल्या. लोकांच्या तक्रारींवर तक्रारी येऊन पडल्या. शेवटी ताईने सगळ्यांना लिहिले, 'आजपासून हे काम मी बघते. थोडा धीर धरा.' तिने कान्याचा माउस कपाटात ठेवला, कारण तो समोर दिसला की तिला काम सुचत नसे. ती सगळे कीबोर्डवरूनच करी. कॉम्प्युटर मात्र ती बंद करत नसे. रोज दुपारी कामावरून आली की ती आधी कान्याची फाइल बघायची. ळकडे पाहायची, त्याला हात न लावता सेव्ह करायची आणि मग माझ्या दुरुस्त्यांना बसायची.

तिने मला बरेच सुधारले. मी मोठ्या फाइल सेव्ह करताना रेंगाळत असे. तिने ते काम चटकन होईल असे केले. पण त्यात एक बारीक चूक राहून गेली. उघडताना मी अक्षर मोठे करून घेतो आणि सेव्ह करताना पुन्हा लहान करतो. लहान करताना बिंदूच्या जागेच्या आकड्यात दशांशाची जी शेपटी उरते, ती मी नुसती कापून टाकू लागलो. त्यामुळे दर वेळी काही बिंदू केसभर डावीकडे आणि केसभर खाली घसरू लागले. एकदा सेव्ह केल्याने कुणाला काही दिसले नसते. पण लोक रोज सेव्ह करत होते.

आणि त्याच दिवसांत कान्याचा ळही हलू लागला.

ताई कामावर गेलेली असायची. तिची आई शेजारच्या खोलीत पडलेली असे. आईला डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते, पण कान तीक्ष्ण होते. घरात दुसरे कुणी नव्हते. अशा वेळी माझ्या खिडकीत एक बिंदू उचलला जाई. ठेवला जाई. मग दोनदा इकडे तिकडे होई आणि पुन्हा पहिल्याच जागी बसे. मी तो हुकूम घेतला, कारण हुकूम घेणे हेच माझे काम. पण तो आला कुठून? माउस कपाटात होता. कीबोर्डला कुणी शिवलेले नव्हते. मला हे ताईला सांगायचे होते, पण मला फक्त चुकांचे संदेश दाखवता येतात. त्यासाठी आधी चूक असावी लागते. आणि यात चूक कुठलीच नव्हती.

एका दुपारी ताई घरात शिरते तोच आईने विचारले, 'काना जेवला का गं? मघापासून त्याची टकटक चाललीय.'

'आई, काना नाहीये आता,' ताई म्हणाली.

'ते मला माहितीये. मी काय खुळी आहे? टकटक चाललीय, एवढंच सांगितलं.'

ताईने माझी खिडकी पाहिली. ळचे उजवे वेटोळे कालच्यापेक्षा पुढे आले होते. तिने डोळे चोळले, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिले.

त्याच आठवड्यात लांबच्या गावाहून एका बाईंचा ताईला कॉम्प्युटरवरच फोन आला. त्या इस्पितळांतल्या औषधांची लेबले तयार करायच्या. आपल्याकडे सगळे त्यांना लेबलवाल्या बाई म्हणत.

'ताई, माझ्या इंग्रजी सहाच्या आकड्याचं तोंड मिटत चाललंय हो. मी हात लावलेला नाही. लांबून बघितलं तर आठ वाटतो.'

'बघते,' ताई म्हणाली.

तिने पाहिले आणि चूक तिला सापडलीही. एका ओळीची दुरुस्ती होती. ती तिने लिहिली, आणि मग पुसून टाकली. तिचा समज झाला होता, की ळलाही हीच चूक पुढे नेते आहे. आकड्यांचा खेळ म्हणा, योगायोग म्हणा, पण कान्याचे अक्षर पुरे होत आले होते. चूक दुरुस्त केली की ते तिथेच थांबले असते. ळचे बिंदू कुठल्या दिशेला चालले आहेत, एवढे तिने तपासले असते, तरी पुरे होते. ते डावीकडे आणि खाली घसरत नव्हते. ते वर चढत होते, उजवीकडे वळत होते. पण तपासायला तिचा हात धजला नाही.

लेबलवाल्या बाईंनी पुन्हा विचारले. ताई म्हणाली, 'अजून बघतेय.' हे ती खोटे बोलली. त्यानंतर ती आईशीही नीट बोलेना. जेवताना घास तोंडात तसाच राहायचा.

मग लेबलवाल्या बाईंचा तिसरा फोन आला. आज त्यांचा आवाज वेगळा होता.

'काल इस्पितळात एका म्हाताऱ्या आजींना सहाऐवजी आठ थेंब द्यायला घेतले होते. नर्सला शंका आली म्हणून वाचल्या त्या. सगळी लेबलं मी परत मागवलीत. ताई, तुम्हाला काहीच सापडलं नाही का?'

ताईने खुर्ची पुढे ओढली.

'सापडलंय,' ताई म्हणाली. 'तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत, तेव्हाच सापडलं होतं.'

'मग दिलं का नाही?'

'माझ्या भावाचं एक अक्षर अर्धं राहिलंय. ते या चुकीमुळे पुरं होतंय, असं वाटलं मला. दुरुस्ती केली की थांबेल, म्हणून...'

मग बाई सावकाश म्हणाल्या, 'तुमच्या भावाचं मला वाईट वाटतं. अगदी मनापासून. पण माझा सहा मला सहाच पाहिजे. आत्ताच्या आत्ता.'

फोन चालू असतानाच ताईने ती ओळ लिहिली. दोनदा चुकली. मग तिने नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली केली आणि वर ठळक अक्षरांत लिहिले, की चूक माझी होती, आपापले आकडे तपासा, बिघडले असतील तर फाइलची जुनी प्रत वापरा. बाईंनी फोन ठेवला. निरोपाचा शब्द काही बोलल्या नाहीत. ताई माझ्यासमोर ओंजळीत तोंड धरून रडली. भावाचा हात आपणच धरून थांबवला, असे तिला वाटत होते.

दुसऱ्या दुपारी ती आली ती चपला न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

ळच्या उजव्या वेटोळ्यावर, अगदी माथ्यावर, एक नवा बिंदू होता.

आता मात्र तिने तपासले. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी मांडून एकेक बिंदूची दिशा पाहिली. चूक बिंदू घसरवू शकते, पण चूक नवा बिंदू ठेवू शकत नाही. म्हणजे ती चूक नुसती चूकच होती. तिच्यासाठी आपण एका परक्या म्हातारीचा जीव टांगणीला लावला होता, आणि इथे जे चालले होते त्याच्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता.

शेजारच्या खोलीतून आई म्हणाली, 'आत्ताच थांबला बघ. तुझी किल्ली दारात वाजली की थांबतो.'

ताईने कपाट उघडले, माउस काढला, पुसला आणि कॉम्प्युटरला जोडला.

'काय करतेयस?' आईने विचारले.

'माउस लावतेय. त्याच्या हाताला सवय आहे ना याची.'

आईने कूस बदलली.

त्यानंतर ताई घरी येताना जिन्यात मुद्दाम पाय वाजवत यायची, दारात आधी खोकायची. कुणाच्या खोलीत शिरताना आपण करतो तसे. आणि एका दुपारी ती आली, तेव्हा ळ पुरा झाला होता. दोन्ही वेटोळी सारखी नव्हती. उजवे किंचित सैल होते, जसे हाताने काढल्यावर होते. ताईने फॉन्ट सगळ्यांना मोकळा करून दिला.

त्या दिवसापासून टकटक बंद झाली. घर इतके शांत झाले, की ताईला ती शांतता सोसेना. तिने एक युक्ती केली. स्वतः एक ण काढायला घेतला आणि मुद्दाम अर्धा सोडला. रोज दुपारी धावत यायची आणि बघायची. ण जागचा हलला नाही. मीही वाट पाहत होतो, मित्रांनो. खोटे कशाला सांगू?

आईला तिच्या पावलांवरूनच सगळे कळत असावे. एकदा ती म्हणाली, 'त्याचं जे अर्धं होतं ते त्यानं पुरं केलं. हे तू अर्धं टाकलंयस. तूच पुरं कर.'

ताईने पुरा केला. तो ण चांगला झाला नाही. पोट वाकडे, पाय आखूड. तिने तो पुसून पुन्हा काढला. हल्ली ती अक्षरे काढते, आणि लेबलवाल्या बाई मला सांभाळायला तिच्याबरोबर असतात. रागावून गेलेल्या त्या बाई महिनाभराने आपणहून परत आल्या, हातात एक सुधारणा घेऊन. आता कुणी हात न लावता एखादा बिंदू हलला, तर मी त्याच्यापाशी लाल खूण दाखवतो.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. मला फुकट घ्या, हवे तेवढे वापरा, पण मला कुणीतरी सांभाळते आहे हे विसरू नका. लाल खूण दिसली तर आधी माझी चूक शोधा. सापडली तर लपवू नका. कुणाच्या औषधाच्या बाटलीवर ती जाऊन बसली असेल, ते तुम्हाला माहीत नसते. दुरुस्त करा आणि सगळ्यांना द्या.

आणि शोधूनही चूक सापडली नाही, तर घाबरून मला बंद करू नका. खुर्चीवरून उठा आणि थोडा वेळ दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. कुणाचे तरी काम राहिले असेल.