बाईंचा नवा पेशंट

मित्रांनो, मी एक जुनं रानझुडूप आहे. मला कुणी लावलं नाही. एका पाखराने टाकलेलं बी सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे दगडमातीत रुजलं, तेच मी. उंची जेमतेम माणसाएवढी. एकच एक खोड नाही, बुडापासूनच सात-आठ फांद्या. पानांवर बारीक लव. उन्हाळा जवळ आला, की मी प्रत्येक देठाशी बुचासारखा पातळ पडदा धरतो आणि पान अलगद सोडून देतो. पाणी वाचवायची ही माझी युक्ती. वरून मी वाळका दिसतो, पण साल खरवडली तर आत हिरवागार.

दुकानदाराच्या थोरल्या बहिणीला हे ठाऊक नव्हतं. त्या रुग्णालयातून नुकत्याच निवृत्त झालेल्या परिचारिका. सगळे त्यांना बाई म्हणत. माझ्या उघड्या फांद्या पाहून त्यांचा जीव कळवळला. दोन्ही वेळा बादलीभर पाणी, ओंजळभर खत, वर जुन्या चादरीची सावली.

"ताई, पेशंट काय म्हणतोय?" भाऊ विचारायचा.

"तू तुझं पंक्चर बघ. आठवड्यात उभा करते त्याला."

माया खरी होती. पण चिखलात माझ्या मुळांना श्वास घेता येईना. टोकं कुजू लागली. आता माझं काही खरं नाही, असं मला वाटलं.

तेवढ्यात एक म्हातारा माळी सायकलची चेन बसवून घ्यायला आला. त्याने माझ्या बुडाची माती हुंगली, फांदी नखाने खरवडली.

"बाई, हा आजारी नाही, झोपलाय. झोपलेल्याला उठवून पाणी पाजतात का?"

"गोळ्यांची वेळ झाली की आम्ही उठवतोच."

हसून हसून भावाच्या हातातला पाना खाली पडला.

"मग आता करू काय?" बाईंनी विचारलं.

"चर काढून पाणी जाऊ द्या. मग काही करू नका."

चर त्यांनी तासाभरात खणला. काही न करणं मात्र फार जड गेलं. रोज स्टूल टाकून, हात बांधून त्या समोर बसत. महिन्याभराने, अंगावर एकही पान नसताना, मी पिवळ्या फुलांनी भरून गेलो. मध्ये पानांचा आडोसा नाही, म्हणून फुलं लांबूनच दिसली आणि मधमाश्या आल्या. बाई भावाला दंडाला धरून घेऊन आल्या.

पुढच्या वर्षी पानं गळताच शेजारचा शिंपी बादली घेऊन आला. बाई वाटेत उभ्या राहिल्या. "भेटायची वेळ संपली," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, काळजी जरूर घ्या, पण आधी ओळख करून घ्या. माझ्याजवळ बसा, थोडी वाट बघा. फुलांचं काय ते मी बघतो.