राणीला हिरवा रंग

धाकटी बहीण फिल्म कंपनीत शिवणकाम करायची आणि मी तिथेच मागच्या खोलीत फिल्म रंगवायची. तेव्हा पडद्यावरची माणसं हलायची, बोलायची नाहीत. रंग हवा असेल तर आम्ही बायका तो हाताने भरायचो, भिंगाखाली, चार केसांच्या कुंचल्याने, एकेका चौकटीत.

आमच्या घरात सगळेच काळे. आई म्हणायची, "कोळशाला लाज कसली? चूल त्याच्यावरच पेटते."

त्या वर्षी कंपनीने समुद्राच्या राणीची गोष्ट घेतली. राणी बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवते, त्याला जीव लावते आणि शेवटी त्याला किनाऱ्यावर सोडून एकटी राहते. मोठ्या नटीने हौदातल्या गार पाण्यात उतरायला साफ नकार दिला. शिंपल्यांचा पोशाख पाण्यात जड होतो का, हे बघायला धाकटी तो घालून उतरली आणि दिग्दर्शक बघतच राहिले.

"हीच राणी."

कॅमेरावाला हसला. "साहेब, रंग बघा की."

"समुद्राच्या तळाला ऊन कुठे पोचतं? तिथली राणी गोरी असेलच कशी?"

नऊ दिवस काम चाललं. तिला पावडर फासली नाही. राजपुत्राला निरोप देताना ती खरीच रडली. आईने गल्लीभर सांगितलं. रंगावरून धाकटीचं स्थळ मोडणाऱ्या मावशीकडे तर ती मुद्दाम जाऊन आली.

मग मालकांनी फिल्म पाहिली. "तिकीट काढून लोक घरातली मोलकरीण बघायला येतात का?"

पुन्हा काढायची सोय नव्हती. हौद मोडला होता आणि राजपुत्र दुसऱ्या कंपनीत गेला होता. दिग्दर्शक दोन दिवस भांडले, तिसऱ्या दिवशी गप्प बसले. तोड मालकांनीच काढली. चित्रं तीच ठेवायची, फक्त मधल्या अक्षरांच्या पाट्या बदलायच्या. राणी वाचवते तिथे 'राक्षसीण राजपुत्राला तळाशी ओढते.' रडते तिथे 'शिकार निसटली म्हणून ती तडफडते.' ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळावं, म्हणून तिला हिरवी करायची.

काम माझ्या टेबलावर आलं.

"दुसऱ्या कुणाला द्या ना," मी आमच्या मुकादमबाईंना म्हटलं.

"तुझा हात सगळ्यांत बारीक. तू नाही केलंस तर दुसरी करेलच, आणि ती डोळेही रंगवून टाकेल."

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. सात आठवडे मी बहिणीचं तोंड हिरवं करत होते, पडद्यावरच्या एका सेकंदाला सोळा तोंडं. डोळे तेवढे कोरे ठेवले, एवढीच माझी मर्दुमकी. घरी ती विचारायची, "ताई, मला कुठला रंग दिलास गं?"

"बघशील ना," मी म्हणायचे आणि हात पाठीमागे घ्यायचे.

पहिल्या खेळाला आई ठेवणीतले कपडे घालून बसली, मागे अख्खी गल्ली. धाकटी पडद्यावर आली तशी एक पोर किंचाळली. राणी रडली तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या. "मर एकदाची!" कुणीतरी ओरडलं.

आईला वाचता येत नव्हतं. "ही अशी आजारी का दिसते गं?" तिने मला विचारलं.

धाकटीने सगळ्या पाट्या वाचल्या. बाहेर पडताना ती म्हणाली, "हात तुझाच ना? ओळखला मी. कडेला जरासुद्धा सांडला नाहीस."

मला धरणी दुभंगावी असं झालं.

फिल्म धो धो चालली. मालकांनी धाकटीला पुढच्या फिल्ममध्ये गुहेतली चेटकीण दिली.

"जाऊ नकोस," मी म्हटलं.

"मग काय, जन्मभर बटणं लावू? राणी तर मला कुणी करणार नाही. निदान पडद्यावर तोंड तरी दिसेल."

तिने एकामागून एक सात केल्या आणि त्या सगळ्या मीच रंगवल्या. आई पुन्हा थिएटरात आली नाही.

परवा गल्लीतली मुलं फिल्मचा खेळ खेळत होती. राजपुत्र कोण, राणी कोण, यावरून त्यांची भांडणं चालली होती. शेजारणीची सावळी पोर, पाच वर्षांची, कुणी सांगायच्या आतच बोटं वाकडी करून दात विचकत पुढे झाली. धाकटी दारात उभी होती. ती काहीतरी बोलेल असं मला वाटलं. ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.