लिंडनची पानं दळणारी चक्की

ताज्या दळलेल्या खसखशीचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? निळसर काळ्या, जराशा ओलसर खसखशीचा? नसेल घेतला, तर माझं काय हरवलं ते तुम्हाला नीटसं कळायचं नाही. तरी सांगते. मी खसखशीची चक्की बोलतेय. अंगानं ओतीव लोखंडाची, वर वाडग्यासारखं तोंड, बाजूला लाकडी मुठीचा दांडा आणि खाली टेबलाच्या कडेला आवळायचा स्क्रू.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते ब्लाझेनाचं स्वयंपाकघर. मोराव्हिया प्रांतातल्या लहानशा गावात स्टेशनमास्तर वेंडेलिनशी तिचं लग्न झालं, तेव्हा आहेरात मी आले. चर्चची जत्रा जवळ आली, नाताळ आला, की ती मला फडताळातून काढायची आणि कोलाच नावाच्या गोड पावांत भरायला खसखस दळायची. मला पाणी कधी लावायची नाही; लोखंड गंजतं. काम झालं की शिळ्या पावाचा तुकडा दळायचा, तो पोटातलं सगळं पुसून नेतो. तो काळपट चुरा चिमण्यांचा. लहानगी राडमिला शेजारी उभी राहून दांडा फिरवू दे म्हणून आईच्या मागे लागायची.

मग राडमिला ब्रनो शहरात राहायला गेली. गावाची रेल्वे बंद पडून बस सुरू झाली. वेंडेलिन निवृत्त झाला, आणि त्यानंतर एका हिवाळ्यात ब्लाझेना गेली.

मी फडताळात चाळणीखाली पडून राहिले. तिथे घराची खबर आवाजांवरूनच कळते, आणि आवाज होते तरी किती? किटली, एक कप, एक चमचा. जत्रेचा बँड रस्त्यावरून वाजत जायचा. मला वाटायचं, आता दार उघडेल. नाही उघडलं.

उघडलं तेव्हा जत्रा नव्हती. वेंडेलिननं मला टेबलाला आवळलं आणि माझ्या तोंडात हिरव्या स्पंजाचे तुकडे टाकले.

राडमिलाच्या रिकाम्या खोलीत तो आपलं जुनं स्टेशन उभं करत होता. लाकडी फळीवर रूळ, हाताएवढी गाडी, टेकडी, शेतं. रंगीत डब्यांतलं तयार गवत आणि तयार झाडं दुकानात मिळत, पण ती महाग. शिवाय तो म्हणायचा, दुकानातलं झाड कुणाच्याही स्टेशनवर उभं राहतं. त्याचं गवत म्हणजे रंगवलेला भुसा. नांगरलेली माती म्हणजे कपाच्या तळाशी उरलेला कॉफीचा चोथा. तो शेजारच्या होराच्कोवाबाईंकडूनही चोथा मागून आणायचा. पहिल्या वेळी नीट वाळवला नाही, तर सगळ्या शेतावर पांढरी बुरशी आली. बाई बघायला आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "वा, तुमच्याकडे बर्फ लवकर पडला यंदा."

राहिलं होतं एकच झाड, स्टेशनसमोरचं लिंडन. तांब्याच्या तारा पिळून त्यानं खोड आणि फांद्या केल्या होत्या. पानांना स्पंज हवा होता. घरभर शोधून शेवटी त्यानं ब्लाझेनाच्या खुर्चीची उशी उसवली. तिच्यावर आता कुणी बसत नव्हतं. स्पंज कापून खिडक्यांच्या उरलेल्या हिरव्या रंगात बुडवला, वाळवला आणि मला भरवला.

पहिल्यांदा मला लाज वाटली. त्याला दळताही येत नव्हतं. घाई करायचा, आणि स्पंज माझ्या घशात अडकायचा. पण किती दिवसांनी दांड्यावर माणसाचा हात होता. मी जमेल तसं दळलं.

झाड अर्धं झालं असताना राडमिलाचा फोन आला. जत्रेला येते, कोलाच करू, आणि जाताना आईची चक्की मी नेते, विकतची दळलेली खसखस कडू लागते. तो "ने की" म्हणाला.  मी गेले तर लिंडन अर्धंच राहणार होतं. खोटं का बोलू, मला जायचं होतं. मला खसखस हवी होती.

त्यानं मला गरम पाण्यानं घासघासून धुतलं. बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर गंजाचे ठिपके आले.

राडमिला आली. आईच्या सवयीनं तिनं आधी शिळा पाव दळला. ताटलीत हिरवा चुरा पडला.

तिनं तो चिमटीत घेऊन पाहिला. मग आईच्या खुर्चीवर बसायला गेली, तर खाली नुसतं लाकूड.

"बाबा, उशी कुठे गेली?"

त्यानं सांगितलं. मग राडमिलानं बरंच काही मनातलं काढलं. फोनवर तुम्ही कधी काही सांगत नाही, बरंय म्हणता आणि ठेवून देता. आणि इथे आईची एकेक वस्तू संपवत बसलात.  शेवटी तो "ये," एवढंच म्हणाला आणि समोरच्या खोलीत गेला. दार उघडंच होतं.

स्टेशनच्या बाकाजवळ निळा एप्रन घातलेली, हातात झाकलेली ताटली धरलेली बोटभर बाई उभी होती. डोक्यावर लिंडन, अर्धं हिरवं, अर्धं नुसत्या तारा.

"ही आई," राडमिला म्हणाली.

"जेवण घेऊन यायची ना."

"आणि मी कुठे आहे?"

त्यानं बटण दाबलं. गाडी टेकडीमागून निघून फळीला वळसा घालू लागली. "तू गाडीत आहेस. शाळेतून येतेयस."

"मग थांबवा की स्टेशनवर."

"लिंडन पुरं झालं की थांबवतो. तोवर तुझी आई उन्हात कशी उभी राहील?"

राडमिला परत आली, त्या उघड्या खुर्चीवर बसली आणि उरलेला स्पंज तिनं माझ्यात टाकला. तिचा हात अगदी आईसारखा, सावकाश आणि एकसारखा. स्पंज एकदाही अडकला नाही. संध्याकाळपर्यंत ती दळत होती आणि तो फांद्यांना गोंद लावून पानं भुरभुरत होता. कोलाच होराच्कोवाबाईंनी आणून दिले. खसखस विकतची आहे, कडू आहे, असं दोघांनी ठरवलं आणि सगळे संपवले.

मग गाडी थांबली. उतरलं कुणी नाही. तेवढी लहान मुलगी त्यानं अजून बनवली नव्हती.

माझ्या खाचांत आता हिरवा रंग कायमचा बसलाय. खसखस पुन्हा माझ्या वाट्याला यायची नाही. तुमच्या फडताळात माझी एखादी बहीण असेल, तर तिला पाणी लावू नका, आणि फार दिवस अंधारात ठेवू नका. काहीही दळा, पण दळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी राडमिला पहिल्या बसनं गेली. मी टेबलाला आवळलेलीच होते, आणि ब्लाझेनाच्या खुर्चीवर तिनं स्वतःचा लोकरी स्वेटर घडी घालून ठेवला होता.