चिमाजींनी गोड म्हटलेली विहीर

"आज बाटली नाय आणली, भाऊ?" विहिरीच्या काठावर हंडा घासता घासता रंगूबाईंनी विचारलं.

चिमाजींच्या हातात आज बाटलीऐवजी नकाशा होता. भूजलाच्या प्रयोगशाळेसाठी गावोगावच्या विहिरींचं पाणी गोळा करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. नमुना भरण्याआधी ते ओंजळभर पाणी चाखत. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं, उलट साहेब ओरडत. पण "गोड आहे" म्हटलं की मळेकऱ्यांचे चेहरे खुलत. जिभेला हाड नसतं म्हणतात. चिमाजींच्या जिभेवर तर लोकांनी सरकारी शिक्काच मारला होता.

नाशिकच्या शिवेवरचा हा शेवंतीचा मळा त्यांचा लाडका. विहिरीवरच्या पंपाची घरघर ऐकता ऐकता त्यांना पेंग आल्यासारखं झालं. काल नकाशावर हिरवे, पिवळे, लाल ठिपके भरतानाही तसंच झालं होतं. जमिनीखालून पाणी या मळ्यातून त्या मळ्यात सावकाश चाललंय, पाठीवर युरियाची गोणी घेऊन, असं त्यांना दिसू लागलं होतं. शेवटचा लाल ठिपका रंगूबाईंच्या विहिरीचा होता.

"आक्का, पाण्यात नायट्रेट निघालंय. खतातून उतरलेलं. लिटरमागे पंचेचाळीस मिलिग्रॅमपर्यंत चालतं, तुमचं एकशे बारा आहे."

"पर तुमीच गोड म्हणला व्हता की!"

"खारट नाही एवढंच कळतं हो जिभेला. हे नाही कळत. मोठ्यांना लगेच काही होत नाही, पण तान्ह्या बाळाला हे पाणी नको."

रंगूबाईंचा हात थांबला. "नातीची दूध पावडर यातच कालवतो. आईचं दूध पुरत नाय. पर उकळून बरं का! चांगलं अर्धं आटवून देतो."

उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र पाणी आटेल तसं दाट होत जातं. चिमाजी लगबगीने ओसरीवर गेले. सून प्रतिभा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. बाळाचे ओठ जांभळट दिसत होते.

"गार वारं लागलंय," ती म्हणाली. "सकाळधरनं नुसती झोपतीये."

"वारं नाही, पोरी. या पाण्यानं बाळाच्या रक्ताला प्राणवायू नेता येत नाही, म्हणून ओठ असे झालेत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पाण्यात नायट्रेट आहे, असं डॉक्टरांना सांग."

नवऱ्याच्या मोटारसायकलवर बसून प्रतिभा बाळाला घेऊन गेली. चिमाजी ओसरीवरच बसून राहिले. ऊन अंगणभर सरकत होतं. किती विहिरींना आपण गोड म्हणालो, ते आठवू पाहत होते आणि आठवत नव्हतं. रंगूबाई बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपार कलली तेव्हा प्रतिभाचा फोन आला. "इंजेक्शन दिलं, आई. ओठ गुलाबी झाले. रडतीये आता."

रंगूबाई पदर डोळ्यांना लावून रडल्या. चिमाजींचेही डोळे भरून आले. घसा तर केव्हाचा कोरडा पडला होता.

"आक्का, घोटभर पाणी द्या. निघतो मी."

रंगूबाईंनी सवयीने माठातून तांब्या भरला. उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"द्या की. मला काही होत नाही."

"ते ठावं हाय मला, भाऊ. पर माझ्या हातानं नाय देववत."

त्यांनी तांब्या शेवंतीच्या वाफ्यात रिकामा केला आणि पाहुण्याला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या दारातून कुणी तहानलेलं गेलं नव्हतं.