सोमवारची भाकरी

"तीन?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आठवड्याला तीन उपास? मग दिवसभर खाता काय, आजी?"

माझी सासू हौसा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. उत्तर मलाच द्यावं लागलं.

"कोरा चा. रातच्याला थोडा भात."

"आणि किती वर्षं चाललंय हे?"

"मोठे दीर गेले तेव्हापासून."

डॉक्टरीणबाईंनी सासूच्या पाठीचा फोटो उजेडाला धरला. एक मणका चेपून बसला होता. सासू कुठं पडली नव्हती, घसरली नव्हती. पाण्याची बादली उचलली आणि कंबरेत कळ आली, एवढंच. तेवढ्यासाठी तिला मुरबाडला आणायलाही मला आठवडाभर भांडावं लागलं होतं.

"हाडं विरळ झालीत तुमची," बाई म्हणाल्या. "वाळवी लागलेल्या वाशासारखी. वरून धड, आतून भुसा."

गोळ्या त्यांनी लिहून दिल्या, पण नुसत्या गोळ्यांवर राहू नका म्हणाल्या. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, दही, कडधान्य पोटात गेलं पाहिजे. रोज अंगावर ऊन घ्यायचं. दुखणं उतरलं की रोज चालायचं, कारण बसून राहिलं की हाडं जास्त झिजतात. "आणि उपास पहिले बंद. या वयात मांडी मोडली तर उठणं कठीण आहे, आजी."

मी दातओठ खात ऐकत होते. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या पोटुशा बायकांना नाचणी खा, पाला खा म्हणून जीव तोडून सांगत फिरते, आणि माझ्याच घरातली बाई कोऱ्या चहावर वाळत चालली होती.

"समदं दारातच हाय की गो," दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना सासू म्हणाली.

"हाय ना! पाला शेळ्या खातात, नाचणी व्यापारी नेतो आन् दूध डेअरीत जातं. तुमी तेवढ्या उपाशी."

ती हसली. माझं बोलणं ती कधी मनावर घेत नाही, हा तिचा मोठा गुण आणि मोठा ताप.

शनिवारी मी नाचणीची भाकरी आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं ताट बाजूला सारलं.

"आज शनवार हाय."

"डॉक्टरीणबाय काय बोलल्या ऐकलं ना?"

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? शनवार हाय."

माझं डोकं फिरलं. मी बोलायला लागले की थांबत नाही. म्हटलं, उद्या अंथरुणाला खिळलात तर तुमचं कोण करणार? तुमच्या देवाला म्हाताऱ्या बायकांची हाडं लागतात का खायला? हे जरा जास्त झालं, मला बोलता बोलताच कळलं. ती रागावली नाही. पदर तोंडाशी नेला आणि जे कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते तिनं मला सांगितलं.

"शहापूरला माझ्या भाचीचं लगीन होतं, सरस्वतीचं. सोमवार होता. तवा मी सोमवारच धरायची, दोन्ही पोरांसाठी. पंगतीत बसवलं गो मला. ताटात लाडू वाढला. मी नाय नाय बोलली, पन इहीणबाय ऐकंना. मान राखायला म्हणून खाल्ला. गोड लागला गो. दुसरा मी मागून खाल्ला."

तिनं ताट आणखी लांब सारलं.

"आन् सांजच्याला फोन आला. संदेशचा टेम्पो घाटात गेला म्हणून."

माझे दीर संदेश ओतूरहून भाजी घेऊन येत होते. माळशेज उतरताना ब्रेक लागले नाहीत. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. लाडवाचं मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तिच्याजवळ सरकले.

"आई, ब्रेक फेल झाले होते. लाडवानं नाय झालं ते."

"तुला ठाव हाय?" तिनं माझ्याकडे बघितलं. "मला नाय ठाव. आता एकच उरलाय. तो पन गाडीवरच हाय."

मी हात टेकले आणि ताट झाकून ठेवलं.

तो उरलेला एक म्हणजे माझा नवरा रविंद्र. आमच्या गावाहून, वैशाखऱ्याहून, मुरबाड, कल्याण अशी जीप चालवतो. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. त्याचा हात ताटातच राहिला.

"मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "तिला भूकच नाय लागत."

सोमवारी त्यानं जीप काढलीच नाही. अंगणात उभी केली आणि ओट्यावर आईच्या समोर मांडी घालून बसला. फोन वाजत होते. रोजचे पॅसेंजर, कॉलेजची पोरं. तो सगळ्यांना एकच सांगत होता, आज बंद.

"धंदा बुडवतोस काय रे?"

"आय, मी हितंच हाय. तुझ्या म्होरं. कुठं जात नाय. जेव."

मी भाकरी आणून ठेवली. ती कधी भाकरीकडे बघायची, कधी त्याच्याकडे. मग तिनं तुकडा मोडला. एकेका घासाला ती मान वर करून तो आहे ना ते बघत होती. मध्येच तो पाणी प्यायला आत गेला तर ही घास हातात धरून थांबली. तो परत आल्यावर तिनं तो खाल्ला. अर्धी भाकरी गेली पोटात. मला मात्र चुलीपाशी जाऊन डोळे पुसावे लागले.

पण दर सोमवारी जीप उभी ठेवून घर कसं चालणार? पुढच्या सोमवारी कल्याणला पेशंट न्यायचा होता, नाही म्हणता येईना. तो पहाटेच गेला. जाताना आईच्या पाया पडला, तसा तो कधी पडत नाही. मला वाटलं, झालं, आता पुन्हा कोरा चहा. तरी मी भाकरी थापली आणि ताट ओट्यावर उन्हात ठेवलं.

सासू ताटासमोर येऊन बसली.

"कुठवर गेला असंल?"

"कल्याण जवळ आलं असंल आता."

तिनं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "देवा, जे काय असंल ते माझ्यावर टाक. पोराला हात लावू नको." आणि भाकरी मोडली. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती चावत होती. घास घशाखाली उतरत नव्हता तरी ती उतरवत होती. अख्खी भाकरी संपवली तिनं, भाजीही पुसून खाल्ली. माझंच म्हणणं खरं झालं होतं, पण मला काही बरं वाटेना. या बाईला मी विष वाढलं असंच वाटत राहिलं.

त्यानंतर ती घरात थांबेना. काठी घेतली आणि फाट्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली.

"फोन लावू का?" मी विचारलं.

"नको गो. गाडी चालवताना फोन नको."

दुपार अशीच गेली. मी अंगणवाडी उरकून आले, भांडी घासली, तांदूळ निवडायला घेतले. शिकलेली बाई मी, लाडवानं ब्रेक जात नाहीत हे पक्कं ठाऊक असलेली. पण लांबून एखादा हॉर्न वाजला की माझा हात सुपातच थांबायचा.

दिवे लागायच्या सुमारास मला घरात बसवेना, म्हणून मीही फाट्यावर गेले. सासू सडकेच्या कडेला काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. आमची जीप वळणावर दिसली तरी ती हलली नाही. अगदी जवळ येऊन उभी राहिली आणि रविंद्रनं दार उघडलं, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

"आय, हितं कशाला उभी राहिलीस?"

तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. दाबून बघितला.

"जेवलास?"

"जेवलो. तू?"

"मी पन जेवली," ती म्हणाली, आणि जीपमध्ये चढायला त्याचा हात धरला.